सिताबाईंचा नंबर

कळंबच्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात कृष्णराज हा एकटाच कॉम्प्युटरवाला होता. त्याने लिहिलेला प्रोग्रॅम रोज सकाळी आठला आपोआप सुरू व्हायचा, फोल्डरमधल्या क्वेरीच्या, म्हणजे डेटाबेसला द्यायच्या आज्ञांच्या, फायली एकेक करून उचलायचा, पेशंटच्या डेटाबेसवर चालवायचा आणि ज्यांची तपासणी आली असेल त्यांना मेसेज पाठवायचा. एखादी फाईल चुकली तर बाकीच्या अडू नयेत, म्हणून चूक सोडून पुढं जायचं, हेही त्याने प्रोग्रॅमला शिकवून ठेवलं होतं. त्याचा त्याला जरा अभिमानच होता.

काउंटरवरच्या निकिताने एकदा सांगितलं, की वारलेल्या पेशंटच्या घरीही मेसेज जातात आणि लोकांना वाईट वाटतं. कृष्णराजलाही वाईट वाटलं. त्याने नवी फाईल लिहिली: वारलेल्यांच्या यादीत ज्यांची नावं असतील त्यांच्यापुढं 'मृत' अशी नोंद करायची आणि घरच्यांना सांत्वनाचे दोन शब्द पाठवायचे. पण घाईत 'नोंद कर' याच्यापुढं एक अर्धविराम पडला आणि यादीची अट त्याच्या पलीकडं राहिली. अर्धविराम आला की आज्ञा संपली, एवढंच प्रोग्रॅमला ठाऊक. त्याने पहिली आज्ञा पाळली, उरलेल्या अटीचा अर्थ लागेना म्हणून ती सोडली आणि शिकवल्याप्रमाणे पुढं गेला. सव्वाआठपर्यंत दवाखान्याचे चार हजार तीनशे पेशंट वारले होते.

पहिला फोन तेरहून आला.

"म्या उत्तरेश्वर बोलतोय. म्या गेलो म्हणून मेसेज आलाय."

निकिताने माफी मागितली आणि तिकडं लक्ष देऊ नका म्हणून सांगितलं.

"म्या न्हाय देत. पर मेसेज पुण्याला लेकीच्या फोनवर गेलाय. ती रडत गाडीत बसलीय. तिला तुमीच सांगा."

दुपारपर्यंत लोक एसटीने येऊन आपण जिवंत असल्याचं दाखवू लागले. एकाने म्हाताऱ्या आईला मोटारसायकलवर आणलं आणि आता हिला औषध मिळंल का, असं विचारलं. डॉक्टर रागावले नाहीत, संध्याकाळपर्यंत नीट करा, एवढंच म्हणाले. ते न रागावणंच कृष्णराजला जास्त लागलं. त्याने डेटाबेसच्या तीन महिन्यांपूर्वी जपून ठेवलेल्या प्रतीतून जिवंत-मृताचा रकाना जसाच्या तसा परत आणला. सगळे जिवंत झाले. त्या तीन महिन्यांत खरोखर गेलेलेही. हे त्याच्या ध्यानात आलं तेव्हा दुसऱ्या दिवसाचे आठ वाजून गेले होते.

सोमवारी भूमहून श्रीमंत नावाचे सत्तरीचे गृहस्थ आले. सुनेने त्यांना मेसेज वाचून दाखवला होता: सिताबाई, आपल्या दुसऱ्या डोळ्याची तपासणी सोमवारी आहे. सिताबाई त्यांची बायको. तिला जाऊन दोन महिने झाले होते.

कृष्णराज बाहेर येऊन त्यांच्याशेजारी बाकावर बसला. माफीची वाक्यं त्याने जुळवून आणली होती, ती अर्ध्यातच संपली.

"चूक हाय ते कळलं मला," श्रीमंत म्हणाले. "पर दोन महिन्यांत तिला कुणी बोलावलं न्हवतं. म्हणून आलो."

मग म्हणाले, "डोळे दाखवा म्हणून दोन वर्सं माझ्या मागं लागली व्हती. नंबर तिचा लागलाच हाय, तर माझे बघा."

निकिताने सिताबाईंचं नाव पुकारलं. श्रीमंत बाकाची कड चाचपत उठले आणि कृष्णराज त्यांना हात धरून आत घेऊन गेला.

डॉक्टरांनी बराच वेळ तपासलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला होता. एवढे दिवस तुम्ही चालवलं कसं, असं त्यांनी विचारलं.

"दिसत व्हतं की, साहेब," श्रीमंत म्हणाले. "दारात कोण आलंय, ताटात काय हाय, समदं ती सांगायची."

कृष्णराजने नव्या पेशंटची नोंद उघडली. 'केव्हापासून दिसत नाही' या रकान्यापाशी त्याची बोटं थांबली. मग त्याने लिहिलं: दोन महिने. डॉक्टरांनी ते वाचलं आणि दुरुस्त केलं नाही.