मान सरळ कर, काकी

"ह्या वयात मी काळी झापडं लावून बंधाऱ्यावर जाऊ व्हय रं? तमाशातली बाई हाय का मी?" साळूबाईंनी चष्मा लेकाच्या मांडीवर टाकला.

गुंडा फौजेत ट्रक चालवायचा. बर्फावरच्या चकाकीनं डोळे जळतात, म्हणून तिकडं असला चष्मा लागायचाच. धुणं धुताना पाण्यावरच्या उन्हानं आईच्या डोळ्यांना धार लागते, हे आठवून सुट्टीवर येताना त्यानं एक तिलाही आणला होता.

"आये, साधा काळा चष्मा नुसता अंधार करतोय. ह्यो पोलराइज्ड हाय. पाण्यावरची चकाकी आडवी येती. आडवी काठी घिऊन उभ्या फटीतनं जाता येतंय का? तशी ती काचंत अडती. बाकी समदं लख्ख दिसतंय."

"मला दिसायचं त्ये दिसतंय. चोर तर लयच दिसतोय!" साळूबाईंनी भिंतीकडं बघून आवाज चढवला.

भिंतीपलीकडं धाकटी जाऊ अंजना राहायची. गेल्या वर्षी साळूबाईंची माहेरची तांब्याची कळशी, बापाचं नाव घातलेली, नाहीशी झाली. तेव्हापासून अबोला. गावात गिरणी आली होती, तरी साळूबाई रोज पहाटे मूठभर डाळ जात्यात टाकायच्या, ती या ओवीसाठीच:

"माज्या बापाची कळशी, नाव घातलं काठाला,
कोण चोरटी गं जाऊ, तिनं लावली पोटाला."

शेवटी लेकाचं मन मोडू नये म्हणून त्या चष्मा लावून त्याच्यासोबत बंधाऱ्यावर गेल्या. पाण्यावर नजर टाकली आणि हातातलं लुगडं हातातच राहिलं. चकाकी विरघळली होती. तळाचे गोटे, गोट्यांवरचं शेवाळ, आणि पलीकडच्या कपारीत आडवी पडलेली, हिरवी झालेली कळशी! पोटावरचा पोचा तोच.

चक्कर आल्यागत त्यांची मान खांद्यावर कलली. कळशी चकाकीत बुडाली. मान सरळ केली. कळशी हजर!

"आयला, पाणीच चोर!" साळूबाई पाण्यावरच भडकल्या.

शेजारच्या धोंड्यावर अंजना धुणं आपटत होती. "गुंडा, तुज्या आयची वाचा बसली जणू. मलाबी बघू दे की त्यो चष्मा."

गुंडानं आईच्या डोळ्यांवरचा चष्मा काढून कौतुकानं काकीला दिला. कळशी जावेला दिसू नये म्हणून साळूबाई घाईनं पुढं झाल्या.

"मान वाकडी करून बघायचं आसतंय!" त्या ओरडल्या. वर्षानंतर जावेशी बोललेलं हे पहिलं वाक्य, आणि तेही खोटं.

अंजनानं भाबडेपणानं मान खांद्यावर टाकली. "निस्तं चमाकतंय की."

"त्येच तर! बिनकामाचा हाय. दे हिकडं."

"बिनकामाचा?" गुंडाला चष्म्याचा अपमान सोसेना. "मान सरळ कर, काकी!"

अंजनानं मान सरळ केली. बराच वेळ तशीच ठेवली. मग कपारीकडं बोट दाखवून शांतपणे म्हणाली, "गुंडा, उडी मार. तुज्या आज्ज्याचं नाव भिजतंय."

दुसऱ्या दिवशी पहाटे जातं फिरलं. ओवी मात्र ओठांतल्या ओठांत होती:

"माज्या बापाची कळशी, नाव घातलं काठाला,
चोर निघालं गं पाणी, दोष माज्याच ओठाला."

"आवं आक्का," भिंतीपलीकडून आवाज आला, "वरीसभर कसं खणखणीत ऐकू यायचं! आज घसा बसला व्हय?"

साळूबाईंनी संतापानं खुंटा आवळला. मग मान सरळ केली आणि ओवी पहिल्यापासून, भिंतीपार जाईल अशी, उचलली.