आईसाठी दीड फूट

खरं सांगतो, मला फक्त एक पायरी बांधायची होती. घर उचलायचा माझा मुळीच बेत नव्हता. ज्याच्या हातून भिंतीत खिळा सरळ जात नाही, त्यानं घराच्या वाटेला कशाला जावं? पण पायरीनं सुरुवात झाली आणि पुढचं सगळं आपोआप घडत गेलं. (माझ्या आयुष्यात जे काही घडलंय ते आपोआपच. मी मध्ये पडलो की बिघडतं.)

आमचं गाव धड खेडं नाही, धड शहर नाही. नळ आहेत, पाणी एक दिवसाआड. रस्ताही आहे आणि तो दरवर्षी वाढतो. लांबीनं नव्हे, उंचीनं. आधी पाइपलाइनसाठी खणतात, मग बुजवतात, त्यावर खडी टाकतात आणि खडीवर डांबर. खालचं जुनं उकरून काढायचं असतं, हे कुणाला ठाऊकच नाही. माझं लग्न झालं तेव्हा दोन पायऱ्या चढून घरात यावं लागे. मुलगी शाळेत जायला लागली तोवर घर आणि रस्ता बरोबरीला आले. ती शिकायला परगावी गेली त्या साली आम्ही दोन पायऱ्या उतरून घरात जायला लागलो. आता कुणी दाराशी आलं की खिडकीतून आम्हाला आधी त्याच्या चपला दिसतात. चपलांवरून माणूस ओळखण्यात बायकोचा हात धरणारं कुणी नाही. पावसाळ्यात गटाराचं पाणी मात्र चपला न काढताच आत येतं.

मी पालिकेत कारकून आहे. हे कळलं की लोक म्हणतात, "मग रस्त्याचं बघा की जरा!" अहो, मी जन्ममृत्यू नोंदीच्या टेबलावर बसतो. रस्त्यानं एखादा गेला तर तो माझ्याकडे येतो, रस्ता माझ्याकडे येत नाही.

तर मुद्दा आईचा. समोरच्या घरात बाई राहतात. रिटायर झालेल्या शिक्षिका. अर्ध्या गावाला त्यांनी बाराखडी शिकवली, म्हणून उरलेलं अर्धं गावही त्यांना बाईच म्हणतं. आईची नि त्यांची तीस वर्षांची मैत्री. चार वाजले की आई समोर जायची आणि दिवेलागणीला परत यायची. वर्षभरापूर्वी हे एकाएकी बंद झालं.

"का गं आई, जात नाहीस हल्ली?"

"गुडघे," आई म्हणाली. एवढंच.

पण चार वाजले की ती खिडकीशी जाऊन बसायची. समोरच्या गॅलरीत बाई दिसल्या की पडदा ओढून घ्यायची. थोड्या वेळानं पडदा बोटभर बाजूला करून बघायची, बाई आत गेल्या का. मला वाटायचं, जिच्याकडे जाता येत नाही तिच्याकडे बघवत नसेल बिचारीला. (मी फार हळवा आहे. हळवेपणा आणि अक्कल एका घरात नांदत नाहीत, असं बायकोचं मत आहे.)

म्हणून मी ठरवलं, त्या दोन उंच पायऱ्यांच्या मध्ये एक बुटकी पायरी बांधायची. आईला सोपं पडेल.

मिस्त्रीला बोलावलं. गावात त्याला सगळे ओळंबा म्हणतात, कारण खिशात कायम भिंत सरळ आहे का बघायचा ओळंबा असतो आणि कुणी काही विचारलं की उत्तर द्यायच्या आधी तो बाहेर काढून लोंबता धरतो. माझ्या दारातही धरला. बराच वेळ त्याच्याकडे बघून म्हणाला, "भाऊसाहेब, पायरी बांधाल, पण पुढच्या वर्षी रस्ता अजून वर येणार. मग काय करणार?"

"मग अजून एक बांधू."

"असं करत करत विहीर होईल. त्यापेक्षा घरच उचला. आत दीड फूट मुरूम भरू, वर फरशी. म्हातारीला सरळ चालत बाहेर पडता येईल. पायरीची भानगडच नको."

म्हातारी सरळ चालत बाहेर पडतेय, हे चित्र माझ्या डोळ्यांपुढे आलं आणि मी हो म्हणून बसलो.

आईला म्हटलं, "काम होईस्तोवर बाईंकडे राहतेस का चार दिवस?"

"मी माझं घर सोडून कुठेही जायची नाही," आई इतक्या जोरात म्हणाली की ओळंबा खिशात न घालताच मिस्त्री निघून गेला.

मग एकेक खोली रिकामी करत काम सुरू झालं. आज बाहेरच्या खोलीचा मुरूम, तेव्हा सगळे स्वयंपाकघरात. उद्या स्वयंपाकघराचा, तेव्हा शेगडी माझ्या उशापाशी. मला सर्दी झाली, बायकोचा मसाल्याचा डबा मुरमात गाडला गेला, पण कुणी कुरकुर केली नाही. म्हणजे बायकोनं केली, पण रोजच्यापेक्षा जास्त नाही.

जमीन वर आली तशी दारं उघडेनात. सुतार म्हणाला, "खालून कापतो. पण चौकट बुटकी होईल. वर घ्यायची तर भिंत फोडावी लागेल. काय करायचं?"

मी चौकटीत ताठ उभा राहिलो. डोक्यावर चांगली चार बोटं जागा उरत होती. "काही फोडायची गरज नाही," मी म्हणालो, "आरामात जातोय."

आता इथे एक घरगुती गोष्ट सांगावी लागेल. माझी बायको माझ्यापेक्षा एक डोकं उंच आहे. वीस वर्षांत ही गोष्ट मी विसरलो होतो, कारण तिनं मला कधी ती जाणवू दिली नाही. त्या दिवशी ती हातात चहाचा ट्रे घेऊन बाहेरच्या खोलीत आली आणि चौकटीनं तिला ती जाणवून दिली. कपाचे तुकडे गोळा करताना ती शांतपणे म्हणाली, "अहो, माप घेताना तुम्ही माणूस कुठला धरला होता?"

"मी... स्वतःच उभा राहिलो होतो."

"तेच विचारतेय."

तिच्या कपाळावर मीच बर्फ धरला. स्टुलावर चढून. ती म्हणाली, "असू दे, वाकून जाईन. आईंना बाहेर पडता येतंय ना, झालं तर मग." असं काही ती बोलली की मला तिच्यासाठी अजून एखादं बांधकाम काढावंसं वाटतं.

पण खरा घोटाळा न्हाणीघरात झाला आणि तो माझ्या ऑफिसातून झाला.

माझ्या टेबलापुढे एक नवा बाप उभा होता. बाळाची नोंद करायला आलेला. नाव ठरलेलं नव्हतं. घरात दोन आज्या, दोघींची दोन नावं, आणि बाप घामाघूम. तेवढ्यात मोबाइल वाजला. मी तो कानाला लावला.

"भाऊसाहेब," मिस्त्री ओरडत होता, मागे घमेल्यांचा खडखडाट, "न्हाणीघराचं काय करू? भरू का?"

आणि त्याच क्षणी तो बाप म्हणाला, "साहेब, नावाचं काय करू? भरू का?"

मी बापाकडे बघून म्हणालो, "राहू द्या तसंच. काही घाई नाही. नंतर भरता येतं."

बाप सुटल्यासारखा हसला. मिस्त्रीही "बरं बरं" म्हणाला. फोन बंद झाला. दोघांचंही काम एका वाक्यात झालं होतं.

संध्याकाळी घरी आलो तर सगळीकडे नवी फरशी, गुळगुळीत, उंबऱ्यापासून रस्त्यापर्यंत सपाट. बाहेरच्या दोन्ही पायऱ्या नाहीशा झाल्या होत्या. मी आनंदानं न्हाणीघराचं दार उघडलं आणि पाय टाकला. पाय खूप उशिरा जमिनीला लागला. बाकीचा मी त्याच्याही नंतर.

न्हाणीघर जुन्याच जागी होतं, दीड फूट खाली. मिस्त्रीनं प्रेमानं आत उतरायला दोन पायऱ्याही बांधून दिल्या होत्या. एक चुकली, दुसरीवर मी बसलो.

म्हणजे ज्या पायऱ्यांपायी एवढा खटाटोप केला, त्या बाहेर होत्या त्या आत आल्या. पूर्वी आईला बाहेर जायचं तेव्हाच त्या आड येत. आता हातपाय धुवायलाही उतरणं आलं, तेही मुळातच बुटक्या आणि आता अजून बुटक्या झालेल्या दारातून, वाकून.

"मिस्त्री, हे काय केलंत?"

त्यानं ओळंबा लोंबता धरला. "तुम्हीच म्हणालात, राहू द्या."

"अहो, ते मी बाळाबद्दल बोललो!"

मिस्त्रीनं ओळंबा खिशात घातला. मग बायकोकडे बघून म्हणाला, "वहिनी, अभिनंदन." आणि निघून गेला.

मी तिथेच पायरीवर बसून राहिलो. बायको आली, माझं ढोपर चोळलं. मी उठून वर उभा राहिलो, ती खालच्या पायरीवर होती, आणि लग्नानंतर पहिल्यांदाच आमचे डोळे एका पातळीवर आले. ती हसली. "पुढच्या महिन्यात हेही भरून घेऊ," म्हणाली. "तोवर आईंचा हात मी धरेन."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं धरलाही. आई वाकून उतरली, आंघोळ केली, वाकून वर आली. मी पेपराआडून बघत होतो आणि मला स्वतःची लाज वाटत होती. मग तिनं केस विंचरले, चांगलं पातळ नेसली, दारातून सरळ चालत बाहेर पडली आणि रस्ता ओलांडून बाईंच्या घरात शिरली.

मला ऑफिसात काम सुचेना. दोन जन्म आणि एक मृत्यू मी चुकीच्या रजिस्टरात लिहिले. भेटेल त्याला सांगत सुटलो, "आमची आई आज वर्षानं बाहेर पडली!" न्हाणीघराचं दुःखही मावळलं. कितीही चुकलो, तरी मूळ काम झालंच की नाही?

जेवणाच्या सुट्टीत घरी आलो तरी आई परतली नव्हती. "बोलावून आणा," बायको म्हणाली. मी समोर गेलो. खाली कुणी नाही, वरून हसण्याचा आवाज. बाईंचा जिना अरुंद आणि उभा, चांगल्या बारा पायऱ्या. मी धापा टाकत वर पोचलो. आई आणि बाई सुपात वाटाणे सोलत बसल्या होत्या.

"आई! तू हा जिना चढलीस?"

"मग? उडत येऊ?"

"आणि गुडघे?"

आईनं बाईंकडे बघितलं. बाईंनी सुपाकडे.

"सांगून टाका हो आता," बाई म्हणाल्या.

"गुडघे ठणठणीत आहेत रे माझे," आई म्हणाली. "आमचं भांडण झालं होतं."

"वर्षभर? कशावरून?"

"तुझ्यावरून."

मी भिंतीला टेकलो.

"मी एवढंच म्हटलं होतं," बाई वाटाणा सोलता सोलता म्हणाल्या, "की मुलगा स्वभावानं सोनं आहे तुमचा, पण घराचं एक काम त्याच्या हातून धड व्हायचं नाही."

"माझ्या तोंडावर म्हणाल्या या!" आईचा आवाज अजूनही चढला. "माझ्या मुलाला नावं ठेवतात म्हणजे काय! मीही सांगितलं, आजपासून तुमची पायरी चढणार नाही. आणि नाही चढले."

माझ्याबद्दलच्या एका वाक्यापायी माझ्या आईनं तीस वर्षांची मैत्रीण सोडली होती. वर्षभर खिडकीशी बसून, पडद्याआडून तिला बघत, मला गुडघे सांगत. मी खाली बसलो आणि तिच्या मांडीवर हात ठेवला. तिनं माझ्या तळहातावर मूठभर वाटाणे ठेवले, लहानपणी ठेवायची तसेच.

"मग आज कशी आलीस गं?" मी विचारलं.

"सकाळी न्हाणीघरात उतरले ना," आई मायेनं माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "तेव्हाच पटलं. तशीच इकडे आले आणि बाईंची माफी मागितली."