उजवा कान आणि सतराशे साठ सल्ले

अंघोळ करून आलो तर उजवा कान बंद. डॉक्टरकडे जायचं की मोबाइलवर बघायचं, एवढंच ठरवायचं होतं. मी मोबाइल उचलला. (ऑफिसात आलेली फाइल पुढे ढकलणारा माणूस स्वतःचा कानही पुढेच ढकलणार!)

दुपारपर्यंत माझं डोकं सणकलं. एक म्हणतो, कानात तेल घाला. दुसरा म्हणतो, तेल घालाल तर खबरदार! तिसऱ्याच्या मते माझ्या मेंदूलाच सूज आलेली. चौथा मला एका पायावर उड्या मारायला सांगत होता. अरे, ठरवा ना काय ते! शेवटी चिडून मी सगळ्यांचंच ऐकलं. तेल घातलं. ते वाळवायला बायकोचा हेअर ड्रायर लावला. उड्या मारताना तेलाची बाटली लवंडली, पाय घसरला आणि मी खिडकीच्या पडद्याला लोंबकळत दांडीसकट जमिनीवर आलो.

नेमकी तेव्हाच बायको कामावरून आली. ती ग्रंथालयात असते. इंटरनेटवरच्या ढिगाऱ्यातून खरं काय, खोटं काय, हे निवडायला लोकांना शिकवणं हेच तिचं काम.

"हे कुणी सांगितलं?" तिने मोबाइल हिसकावला.

"पाणी सांडलं? नाही गं, तेल!"

"कुणी! हे लिहिलंय कुणी?"

"ते काय माहीत! हजारो लोकांना आवडलंय!" मीही भडकलो.

तिने भराभरा बोट फिरवलं आणि स्क्रीन माझ्या नाकासमोर धरली. "तेल घाला म्हणणारा तेलच विकतो. मेंदूला सूज आणणाऱ्याने स्वतःचं नावसुद्धा दिलेलं नाही. आणि उड्या आहेत पोहणाऱ्यांसाठी! दिवसभर परकी माणसं रांग लावून मला विचारतात, आणि घरचा माणूस मला सोडून साऱ्या जगाला विचारतो. पडद्याला काही झालं असतं म्हणजे?"

"शिवून घेऊ की."

"कानाच्या!" तिचा आवाज चिरकला. मग मात्र मी मुकाट्याने चपला घातल्या.

दवाखान्यात ती सगळा प्रकार तावातावाने सांगत होती. डॉक्टरांनी कानात चिमटा घातला आणि इअरफोनची काळी रबरी टोपी बाहेर काढली.

"दुसरा कान कसा आहे?" त्यांनी विचारलं.

"ठणठणीत!" मी जरा ऐटीतच म्हणालो.

"मग घरात एवढी जाणकार बाई असताना त्या कानाने तरी ऐकायचं होतं."

"तो ना डॉक्टर," बायको न हसता म्हणाली, "लग्नापासूनच बंद आहे."