जिवंत प्राचार्यांचा शेवटचा रिपोर्ट

"रक्ताचा थेंब माझ्याशी खोटं बोलत नाही," असं आमचे सर वर्गात पाऊल टाकताच सांगत. आपली नजर सूक्ष्मदर्शकापेक्षा तीक्ष्ण आहे, आपण पोलिसांत गेलो असतो तर त्या खात्याला कामच उरलं नसतं, हेही सांगत. मी तेव्हा त्यांची मदतनीस. त्यांचा चष्मा रोज मीच शोधून देत असे. बहुधा तो त्यांच्या कपाळावर असे.

लॅब टेक्निशियन होऊ घातलेल्या मुलांना नोट्स उतरवून देणं सरांना मान्य नव्हतं. एकेका रोग्याची केस ते गुन्ह्यासारखी सोडवायला लावत. प्राचार्यांना हा पोरखेळ वाटे. एक दिवस बिस्किटांचा पुडा घेऊन ते मागच्या बाकावर येऊन बसले आणि बजावलं, आज मुलं काही शिकली नाहीत तर उद्यापासून पुन्हा नोट्स.

सरांनी जोशात प्राचार्यांचंच रक्त काढलं. तेही स्वतःच्या हातांनी, कारण डिटेक्टिव्हाने कुणावर विश्वास ठेवायचा नसतो.

मशीनमधून रिपोर्ट आला. पोटॅशियम एवढं चढलेलं आणि कॅल्शियम एवढं घसरलेलं, की असा माणूस जिवंत सापडत नाही. प्राचार्य बिस्किट खात होते.

सर खूश झाले. पहिला संशय मूत्रपिंडांवर. पण प्राचार्य नुकतेच बाथरूमला जाऊन आले होते, त्यामुळे मूत्रपिंडं निर्दोष सुटली. मग विषप्रयोग. साहेब, तुमच्या जागेवर डोळा कुणाचा? उपप्राचार्यांचा. उपप्राचार्य नेमके त्या दिवशी रजेवर, म्हणून सरांची खात्रीच पटली. मशीन बिघडलं असेल, असं मी सुचवून पाहिलं. सरांनी पुन्हा तपासलं, आकडे तेच. प्राचार्यांचं बिस्किट खाली पडलं. घरी फोन करायला वेळ आहे ना, असं त्यांनी मला हळूच विचारलं.

तेवढ्यात पहिल्या बाकावरच्या बडबड्या मुलीने तोंड उघडलं.

"सर, मशीनला लावलेल्या लाल झाकणाच्या नळीत रक्त कमी पडलं होतं का?"

"थोडंसं. मग जांभळ्या झाकणाच्या नळीतलं ओतलं. वाया कशाला घालवायचं?"

"जांभळ्या नळीत रक्त गोठू नये म्हणून औषध असतं, सर. त्यातच पोटॅशियम असतं, आणि ते कॅल्शियमला धरून ठेवतं. तुम्हीच शिकवलंत."

"म्हणजे मी जगतोय?" प्राचार्यांनी विचारलं.

"तुम्ही जगताय, साहेब. नळीतले साहेब गेले," ती मुलगी म्हणाली.

मी मुद्दामच ओतलं होतं, केस रंगायला हवी ना, असं सर म्हणाले. मी त्यांचा चष्मा पुसत राहिले.

प्राचार्यांनी घाम टिपला आणि वर्गाला विचारलं, आज काय शिकलात? सगळी मुलं एका सुरात म्हणाली, "एका नळीतलं रक्त दुसरीत ओतायचं नाही."

आता माझे केस पांढरे झाले. मी शिकताना उतरवून घेतलेल्या नोट्समधलं एक अक्षर आठवत नाही, पण ती नळी अजून डोळ्यांसमोर आहे. सरांची पद्धत चालू राहिली. प्राचार्यांनी अट एकच घातली: पुढच्या केसला रक्त उपप्राचार्यांचं काढायचं.