सहकुटुंब इतिहास

तपासनीसांनी शिक्षकांच्या फायली मागवल्या आणि इतिहासाच्या सरांच्या फायलीतून वनस्पतिशास्त्राची पदवी निघाली.

"हे काय?" तपासनीसांनी विचारलं.

"माझीच आहे," सर म्हणाले. "अगदी खरी आहे."

"खरी आहे हो. पण तुम्ही शिकवता इतिहास ना?"

सर एकोणीस वर्षं इतिहास शिकवत होते. त्याचं असं झालं, की आधीचे इतिहासाचे शिक्षक दाढ काढायला म्हणून दोन दिवसांच्या रजेवर गेले. तेव्हाच्या मुख्याध्यापकांनी सरांना "जरा तास सांभाळा" म्हणून सांगितलं. ते शिक्षक दाढेसकट नाहीसे झाले, मुख्याध्यापक निवृत्त झाले, आणि तास सांभाळणं थांबवा असं सरांना कोणी सांगितलंच नाही. सरांनीही विषय काढला नाही, कारण एव्हाना त्यांचा त्या तासावर जीव जडला होता. बुटका, पोट सुटलेला हा माणूस रांगेत उभा असला तरी दुकानदाराला दिसत नसे. पण भिंतीवर नकाशा टांगला, की चाळीस पोरं त्याच्याकडे पाहत आणि त्याच्या एका वाक्यासरशी साम्राज्यं कोसळत.

तपासनीसांनी पेनाचं टोपण लावलं. "सत्र संपायच्या आत इतिहासाचा काहीतरी कागद आणा. नाहीतर बाई, तुम्ही यांचा इतिहास काढून घ्या आणि कवायत द्या. कवायतीला कागद लागत नाही."

मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, सरांच्या पोटाकडे पाहिलं आणि सहानुभूतीने मान हलवली.

सत्र संपायला चार महिने होते. सरांनी शहरातली केंद्रं पालथी घातली. एके ठिकाणी पदविकेला दोन वर्षं लागत होती, दुसऱ्या ठिकाणी रोज सकाळी हजेरी होती. तिसऱ्या ठिकाणी, एका दूरशिक्षण केंद्रात, तीन महिन्यांची पदविका मिळाली. पण फी ऐकून सर खुर्चीत बसले. तीन महिन्यांचा पगार.

"घरी कोण कोण असतं?" खिडकीतल्या कारकुनाने विचारलं.

"का? त्यांना कळवायचंय?"

"नाही हो. आमची सहकुटुंब सवलत आहे. चौघांनी नाव घातलं तर चौघांची मिळून फी पंधरा दिवसांच्या पगाराएवढी."

"एकाला महाग आणि चौघांना स्वस्त? हे कुठलं गणित?"

"एकटा माणूस मधेच सोडून देतो. कुटुंबातली माणसं एकमेकांना सुटू देत नाहीत. अनुभव आहे आमचा." कारकुनाने फॉर्म पुढे सरकवले. "फक्त चौघंही पास झाली पाहिजेत. एक जरी गळालं तर पूर्ण फी भरायची. चौघांचीही."

चार गुणिले तीन म्हणजे वर्षभराचा पगार होतो, हे सरांच्या लक्षात आलं तेव्हा ते बसमध्ये होते आणि फॉर्म भरून झाले होते.

घरी सरांची बायको, आई आणि मेहुणा होता. बायको टपाल कार्यालयात खिडकीवर बसायची. मेहुणा लिफ्ट दुरुस्त करायचा आणि नवं घर मिळेपर्यंत म्हणून तीन वर्षांपूर्वी राहायला आला होता. आईने कोर्टात तीस वर्षं साक्षीदारांच्या जबान्या टंकलिखित केल्या होत्या, त्यामुळे कोणाच्याही सांगण्यावर तिचा एकदम विश्वास बसत नसे.

"माझ्या वयाला आता परीक्षा?" आई म्हणाली.

"आई, तू गळलीस तर मला वर्षभर फुकट राबावं लागेल."

"अहो, पण मला न विचारता माझं नाव घातलंत?" बायको कडाडली.

"मला चालेल," मेहुणा म्हणाला. त्याला काहीही चालत असे.

झालं. रोज संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर वर्ग भरू लागला. सरांकडे साम्राज्य बुडण्याची सात कारणं तयार होती. कुठलंही साम्राज्य असो, कुठल्याही शतकातलं असो, ते याच सात कारणांनी बुडत असे. दुबळे वारस, रिकामा खजिना, फितुरी वगैरे. बायकोने ती पाठ केली. मेहुण्याने तळहातावर लिहून घेतली आणि मग कोणाची तरी लिफ्ट दुरुस्त करताना ती तेलाने पुसून आला.

अडलं ते आईपाशी.

"फितुरी झाली म्हणतोस. हे पाहिलं कोणी?"

"पुस्तकात आहे, आई."

"पुस्तक लिहिणारा तिथे होता का?"

"तो दोनशे वर्षांनी झाला."

"मग ही ऐकीव माहिती झाली. आमच्या कोर्टात असल्या माणसाला पिंजऱ्यातसुद्धा उभं केलं नसतं. पुढचं कारण सांग."

सातही कारणांची आईने अशीच वासलात लावली. सरांची झोप उडाली. आई नापास होणार आणि आपण वर्षभर फुकट राबणार, वर कवायत घेणार, ही काळजी त्यांना आत कुरतडू लागली. स्वतःच्या पेपरची काळजी मात्र त्यांना अजिबात नव्हती. ती करायला हवी होती.

परीक्षेच्या दिवशी चौघं वेळेआधी हॉलवर पोहोचली. आत पाऊल टाकताच सरांना दिसलं, की बाकं वाकडी लागली आहेत. त्यांनी ती सरळ केली. कोणाच्या तरी पिशव्या बाकाखाली होत्या, त्या बाहेर ठेवायला लावल्या. फळ्यावर वेळ लिहिलेली नव्हती, ती लिहिली. हे सगळं त्यांच्या हातांनी केलं. डोक्यात आई होती.

पर्यवेक्षक म्हणून आलेला तरुण दाराशी घाम पुसत उभा होता. त्याची ती पहिलीच वेळ होती आणि पोट बिघडलेलं होतं. "सर, तुम्ही आलात, फार बरं झालं!" असं म्हणून त्याने उत्तरपत्रिका आणि प्रश्नपत्रिकांचा गठ्ठा सरांच्या हातात कोंबला आणि तो कॉरिडॉरमधून जो पळाला, तो पुन्हा दिसलाच नाही.

आता गठ्ठा हातात आल्यावर सर काय करणार? त्यांनी वाटला. एक उत्तरपत्रिका स्वतःसाठी पुढच्या बाकावर ठेवली, प्रश्नपत्रिका वाटल्या आणि बसून लिहायला घेतलं. दीड उत्तर लिहून झालं असेल, तेवढ्यात मागे कुजबुज झाली.

"ताई, चौथं कारण काय गं?"

सर ताडकन उठले. "मान खाली! पुन्हा आवाज आला तर पेपर काढून घेईन!"

मेहुण्याने भेदरून मान खाली घातली. त्यानंतर सर काही बसले नाहीत. हात मागे बांधून ते रांगांमधून फिरले, एकाची चिठ्ठी पकडली, दोघांना लांब बसवलं, पुरवण्या वाटल्या. घंटा झाल्यावर सगळे पेपर गोळा केले. पुढच्या बाकावर एक पेपर सापडला. त्यावर ना नाव, ना क्रमांक, आणि उत्तरं जेमतेम दीड.

"काय एकेक नमुने येतात परीक्षेला!" सर पुटपुटले. त्यांनी खिशातलं लाल पेन काढलं, पेपरवर आडवी रेघ मारली, 'रद्द' असं लिहिलं, गठ्ठा दोऱ्याने बांधला आणि पर्यवेक्षकाच्या रकान्यात झोकदार सही केली.

बसस्टॉपवर बायकोने सहज विचारलं, "तुमचा पेपर कसा गेला हो?"

सरांना तो दीड उत्तरांचा पेपर आठवला. बस आली, दार उघडलं, बंद झालं, बस गेली, तरी ते जागचे हलले नाहीत.

निकालाच्या दिवशी ते एकटेच केंद्रात गेले. बायको पास होती. मेहुणाही पास होता, याचं केंद्रालाही नवल वाटलं होतं. आई पहिल्या वर्गात पहिली आली होती आणि तिच्या उत्तरपत्रिकेवर परीक्षकांनी 'अशी शंका घेणारी विद्यार्थिनी फार वर्षांनी भेटली' असा शेरा मारला होता. सरांच्या नावापुढे 'गैरहजर' होतं.

"म्हणजे पूर्ण फी," सर म्हणाले.

"छे हो!" कारकुनाने रजिस्टर फिरवून दाखवलं. "पर्यवेक्षक म्हणून तुमची सही आहे ना. म्हणजे तुम्ही आमचे कर्मचारी. कर्मचाऱ्याच्या कुटुंबाला फी माफ असते. भरलेलीसुद्धा परत मिळेल."

सरांच्या जिवात जीव आला. "मग मी पुढच्या महिन्यात परीक्षा देतो."

"ते नाही जमणार. कर्मचाऱ्याला स्वतःच्या केंद्रात परीक्षेला बसता येत नाही."

दुसऱ्या दिवशी सर मोठ्या बाईंपुढे उभे राहिले. सगळं ऐकून बाईंनी परिपत्रक काढलं आणि चष्मा वरखाली करत दोनदा वाचलं.

"यात लिहिलंय, तासाला पदविकाधारक व्यक्ती वर्गात हजर असावी. बोललंच पाहिजे, असं कुठे लिहिलेलं नाही. आईंना घेऊन या. मागे बसतील, तुम्ही शिकवा."

सरांना रडूच आलं. तास वाचला होता.

सोमवारी आई खिडकीजवळच्या खुर्चीत बसली. सरांनी नकाशा टांगला. गढीला वेढा पडला आणि राजा पळाला, इथपर्यंत ते आले तेव्हा एका मुलीने विचारलं, "सर, एवढा वेढा होता, तर राजा बाहेर पडला कसा?"

सरांनी दुबळ्या वारसापासून सुरुवात केली.

"थांब," मागून आई म्हणाली.

ती सावकाश फळ्याशी आली. तिने तीन मुलांना उभं केलं. एक राजाचा कारकून, एक शत्रूचा शिपाई, एक गढीतली स्वयंपाकीण. पुस्तकात जे होतं ते तिघांत वाटून तिने एकेकाची जबानी घेतली. तिघांचं काही जुळेना. वर्गाचे तीन पक्ष पडले. भांडणं झाली. मधल्या सुट्टीची घंटा झाली तरी एकही पोर उठलं नाही.

सर केव्हाच एका रिकाम्या बाकावर बसले होते, गुडघे पोटाशी घेऊन. राजा पळाला हे त्यांना एकोणीस वर्षं ठाऊक होतं. तो कुठल्या दाराने पळाला, हा प्रश्न त्यांना आज पहिल्यांदाच पडला होता आणि आता उत्तर कळल्याशिवाय त्यांना जेवण जाणार नव्हतं.

"आई," ते न राहवून ओरडले, "पण ते दार आतून उघडलं कोणी?"

आईने चष्म्यावरून पाहिलं.

"वर्गात 'बाई' म्हणायचं," ती म्हणाली. "आणि आधी हात वर करायचा."

सरांनी हात वर केला.