घरमालक भिंत बघायला येतात

आमच्या आतल्या खोलीतल्या भिंतीविषयी मला पहिल्यापासून आदर आहे. वरच्या कोपऱ्यातून ओल उतरली, तिच्यामागून बुरशी आली, आणि कुणी खत घालत नसताना तिने थेट पलंगाच्या उशापर्यंत मजल मारली. (मला कुंडीतलं एक रोप जगवता आलेलं नाही. बायको म्हणते, ते मला बघूनच मान टाकतं.) रंगाचे पोपडे तर अशा डौलात सुटले होते की मी बघतच राहायचो.

मुलगी त्याच खोलीत झोपते. उठली की तिच्या शिंका सुरू होतात, त्या शाळेची बस येईपर्यंत. म्हणून बायको हात धुऊन घरमालकांच्या मागे लागली होती. गळती गच्चीची, तेव्हा ती त्यांनीच काढायला हवी. ते फोनवर म्हणायचे, "एवढं काही नसेल हो." शेवटी एक दिवस कामावर जाताना ती म्हणाली, "संध्याकाळी काका स्वतः भिंत बघायला येतायत. तुम्ही घरीच आहात, तर जरा खोली आवरून ठेवा."

आमच्याकडे कुणी येणार म्हटलं की आवरणं म्हणजे झाकणं. (पसारा कपाटात, कपडे पलंगाखाली आणि मी शक्यतो गॅलरीत.) तेवढं झाल्यावर भिंतीकडे लक्ष गेलं. माणूस खास जिला बघायला येणार, ती अशा अवतारात? माझ्या मनाला ते पटेना.

मी एक पोपडा ओढला, तर त्याच्याबरोबर हातभर रंग आला. आत निळा, निळ्याच्या आत गुलाबी. किती भाडेकरूंनी इथे हौस केली असेल, या विचाराने मी थक्क झालो. मग माझ्या अंगात आल्यासारखं झालं. भिंत खरवडली, पुसली, खड्डे लांबीने बुजवले, वर पांढरा रंग मारला आणि पंखा लावून दिला. मागे सरून बघितलं आणि ऊर भरून आला. हे या हातांनी केलं? खिळा ठोकताना ज्यांनी पाण्याचा पाइप फोडला, त्याच हातांनी?

बायको काकांना जिन्यातूनच सांगत येत होती, "तुम्ही फक्त बघा. बघितल्यावर काही बोलायलाच नको."

बघितल्यावर खरंच कुणी बोलेना.

"ओल कुठेय?" काकांनी हळूच विचारलं.

"इथेच होती. सकाळपर्यंत."

"मी आवरलं," मी नम्रपणे म्हणालो.

बायको अवाक होऊन माझ्याकडे बघत राहिली. लग्नानंतर हे पहिल्यांदाच घडत होतं. (मला तेव्हा ते कौतुक वाटलं.)

"काय हात आहे हो," काका भिंतीवरून नजर हटवेनात. "आणि मी धास्तावलो होतो, आता गच्ची उकरावी लागणार."

"उकरावीच लागेल. आठवड्यात हे सगळं परत खाली येईल," बायको म्हणाली.

काकांनी ते ऐकलंच नाही. "आमच्या हॉलच्या भिंतीचेही पोपडे सुटलेत. रंगारी नुसता येतो येतो म्हणतो. तुम्ही याल का?"

मी लाजून हो म्हणणार, तेवढ्यात बायको पुढे झाली. "पाठवते की. तुमची माणसं आमच्या गच्चीवर चढली, की हे तुमच्याकडे."

"उद्याच चढवतो," काका घाईघाईने म्हणाले. "पण यांना किती दिवस ठेवून घेऊ?"

"गच्चीचं काम पुरतं वाळेपर्यंत ठेवा," बायको म्हणाली. "आम्हाला यांची घाई नाही."