बोताकानाचे पायींचा दोर कापिला त्याची हकीकत

करागांदा शहरी, क्रीडागृहाचे दालनी, शाळकरी पोरांचे यंत्रमानवांची झुंज नेमिली होती, ते समयी तपासणीचे मेजापाशी जे वर्तमान घडले ते येथे लिहिले आहे. लिहिणार जातीने हजर होता. पदरचे तिखटमीठ लाविले असेल तर चिमूटभरच.

आतासू गावची फौज सरलष्कर तोगझान, इयत्ता अकरावी, हिचे निशाणाखाली चालोन आली. तिजबरोबर आज्ञावलीचा कारभारी इलियास, आणि लाकडी पेटाऱ्यात खासा बोताकान यंत्रमानव, म्हणजे आमचे मुलखी उंटाचे पिल्लू. अवघा हिवाळा खपोन, बोटे पोळवोन त्यास उभे केले होते. पुढील साली तोगझान विद्यापीठी जाणार, त्यामुळे ही पहिली मोहीम तीच तिची अखेरची, हे तीस पुरते ठाऊक होते.

आता आमचा दस्तुर ऐसा की, मूल चालू लागले म्हणजे त्याचे पायी काळापांढरा दोर बांधावा आणि चपळ माणसाचे हाते तो कापवावा. कापणाराची चाल मुलास लागते. बोताकानाचे रणी पहिलेच पाऊल, म्हणोन त्याचे चाकांस दोर आवळिला, आणि कापण्याचा मान गुलशात आपाय मास्तरीणबाईंस दिला. कारण बाई वर्गात शिरतात आणि त्यांचा वारा मागाहून येतो. परंतु बाईंची मोटार हिमवादळाने वाटेत अडकोन पडिली.

तपासणीचे मेजावर ओराल्बेक आगाय, म्हणजे गुरुजी, पिवळे जाकीट ल्यालेले, मोठे शिस्तीचे आणि त्याहोन मोठे सावकाशीचे. त्यांनी बोताकानास मापाचे पेटीत बसविले, आणि मग धारदार कोपरा कोठे आहे काय म्हणोन तळहात फिरविला, आणि मग बॅटरी हालते काय पाहिले, आणि मग बंद करण्याची कळ दाबोन पाहिली, आणि मग चष्मा पुसोन पुनः पाहिली. सर्व बिनहरकत. शेवटी नजर चाकांवर गेली आणि फर्मान सुटले की, चाकी दोर असता हिरवे तिकीट चिकटणार नाही, तिकिटावाचोन रणी प्रवेश नाही, आणि दुपारचा भोंगा होताच तपासणी बंद. फौजेची पाचावर धारण बसली.

"सोड की गाठ, पोरी. एवढंसं तर काम आहे," आगाय म्हणाले.

"आगाय, ही गाठ सोडतात का कुठे? तुमच्या घरी सोडली होती?"

"आमच्या घरी मेव्हण्यानं कापली. माझ्या मुलीचीसुद्धा." आगाय चष्मा पुसत राहिले. "मला कुणी कधी बोलावलं नाही. माझी चाल सगळ्यांना माहीत आहे."

इतक्यात बाईंचा फोन आला. "बर्फ काढणाऱ्या गाडीच्या मागं अडकलेय. माझी वाट बघू नका, कुणाकडूनही कापून घ्या."

मग खुर्चीआड मसलत बसली.

"मी कापतो," इलियास म्हणाला.

"तू? आज सकाळीच जिन्यावरून गडगडत आलास. आगायना सांगू या."

"वेड लागलंय का तुला? बोताकान जन्मभर रांगेल."

"रांगू दे. महिनाभर ते धावतंय आणि तोंडावर आपटतंय, तुझ्याच घाईपायी. मला ते उभं राहायला हवंय."

हे बोलणे मेजापलीकडे स्वच्छ ऐकू गेले. तोगझानेने कात्री दोन्ही हातांनी पुढे केली, आणि आगायांचे कान तांबडे जाहले. कायदा ऐसा की तपासनीसाने कोणाचे यंत्रास हत्यार लावू नये. त्यांनी बहुत विचार केला, आणि मग जाकीट काढोन खुर्चीस अडकविले, आणि मग बाह्या सारोन गुडघे टेकिले आणि दोर कापिला. फौजेने आनंदे खडीसाखर, गोळ्या उधळिल्या.

आगायांनी जाकीट पुनः चढविले आणि हुकूम केला की, तपासणीनंतर यंत्रास हात लागला आहे, सबब मुळापासोन तपासणी करणे.

"आगाय, तुम्हीच तर कापलात," इलियास काकुळतीस येऊन म्हणाला.

"ते मी जाकीट काढून कापलं. आणि चाकाखालची खडीसाखर उचल आधी."

पुनः पेटी, पुनः तळहात, पुनः बॅटरी, पुनः कळ. तोगझान घड्याळाकडे पाहीना, कारण तीस पाहवेना. इलियास नखे खात होता आणि हळूच "लवकर, लवकर" पुटपुटत होता. शेवटी आगायांनी हिरवे तिकीट सोलिले, वाकडे बसले म्हणोन उचलोन सरळ केले, वरून अंगठा फिरविला, आणि अंगठा वर असताच भोंगा जाहला.

दोर कापणाराने मुलाचा हात धरोन त्यास चालवावे, हाही दस्तुर. तोगझानेने यंत्र वाहोन नेण्याची ढकलगाडी मागे लोटिली आणि यंत्र चालविण्याची कळ हाती घेतली. आगाय बोताकानाचा लोखंडी पंजा धरोन, वाकोन, एकेक पाऊल टाकीत रणाचे दारापर्यंत चालत गेले. वाटेत त्यांचे डोळे भरले आणि ते त्यांनी लपविले नाहीत. मागे अवघी फौज त्यांचेच चालीने चालली, इलियासदेखील, आणि घाई करा ऐसे त्यांस कोणीही म्हटले नाही.

येणेप्रमाणे आतासूकरांची तपासणी फत्ते जाहली. झुंजीचा निकाल ज्याचा त्याने लिहावा.